बार कुणाचा

माझ्या सासूबाईंच्या तोंडात तीळ भिजत नसे, आणि त्यातून गोष्ट लेकाच्या कौतुकाची असली तर मग विचारूच नका. पाणी भरायला गेल्या तरी लेक, दळायला बसल्या तरी लेक, कुणाच्या मयताला गेल्या तरी रडून झालं की लेक. मी नवी होते तेव्हा मला वाटे, चला, नवरा तरी कर्तबगार मिळाला. पुढं पुढं माझे कान किटले. पण त्या कौतुकापायी एक दिवस लेकाच्याच जिवावर बेतेल, असं मात्र स्वप्नातही आलं नव्हतं.

कौतुक असायचं ते बाराचं. आमचे मालक पलटणीत सुरुंगवाल्यांच्या तुकडीत होते. पाय अधू झाला, तेव्हा नाव कापून घरी आले आणि विहिरींचे खडक फोडायचं काम करू लागले. कडेगावापासून कुंडलपर्यंत कुणाच्या विहिरीला काळा पाषाण लागला की यांना बोलावणं यायचं. पहारीनं भोक पाडायचं, त्यात दारू ठासायची, वात लावायची आणि सगळ्यांना लांब पिटाळून ती पेटवायची. सुरुंग उडाला की त्याला म्हणायचं बार. बार उडाला की गावातली भांडी किणकिणायची आणि सासूबाई हातातलं काम टाकून शेजारणीला म्हणायच्या, "माझ्या लेकाचा बार! ऐकलासा न्हवं?" जसं काही लेकानं आभाळच फोडलं.

दारूशी खेळणारा हा माणूस माळवदाला मात्र भ्यायचा. आमच्याकडं कौलांची घरं थोडी. लाकडी तुळया, त्यावर फळ्या, आणि वर हातभर जाड माती. त्याला माळवद म्हणतात. उन्हाळ्यात घर गार, आणि वर मिरच्या वाळवायला ऐसपैस जागा. त्या मातीखाली हे झोपायचे नाहीत. अंगणात गवताचं छप्पर घातलं होतं, पावसाळ्यातही तिथंच पडायचे. भावकीतले चेष्टा करायचे, "काय गड्या, बायकू घरात आन् दादला गोठ्यात?" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा मी भांडायलाच उठले. तेव्हा म्हणाले, "अगं, क्वेट्ट्याला धरणीकंप झाला तवा आमच्या तुकडीला ढिगारं उपसायला पाठवलंतं. तिथं जिमिनीनं कुणाला गिळलं न्हाई. डोक्यावरच्या मातीनं मारलं. झोपल्या जागी." एवढंच बोलले आणि भाकरी तशीच ठेवून उठले. मी परत तो विषय काढला नाही. पण खरं सांगते, मनातून मला तो माणूस भित्राच वाटत राहिला.

बेचाळीसची चळवळ होऊन गेली, त्याच्या पुढल्या सालची ही गोष्ट. आमचा सगळा मुलूख पेटलेला. पोरं भूमिगत झालेली, कुठं रेल्वेची लाईन उखडलेली, कुठं तारा तोडलेल्या. गावोगाव पोलीस येऊन बसलेले आणि आमच्या गावात चावडीतच त्यांचा तळ. तेव्हा आमचं गाव सातारा जिल्ह्यात होतं. धरलेला माणूस साताऱ्याला नेला की तो कधी परत येईल, कसा परत येईल, याचा नेम नव्हता.

त्या दिवशी दुपारी मी सोप्यात जोंधळे पाखडत होते. सासूबाई समोर लसूण सोलत होत्या. हे गावाबाहेर एका जैन शेतकऱ्याच्या विहिरीवर कामाला गेले होते. सुपातले जोंधळे अचानक उड्या मारायला लागले. माझे हात थांबलेले, सूप मांडीवर, आणि दाणे आपले आपण नाचतायत! मी बघतच राहिले. पायाखाली गुरगुर सुरू झाली, जमिनीत कुणी जातं ओढतंय तशी. मग जरा वेळ गेला, दोन-चार श्वास जातील एवढा, आणि एकदम आडवा हिसका बसला. सूप उपडं झालं, उतरंडीचं वरचं मडकं खाली येऊन फुटलं, गाय दाव्याला हिसडे देत ओरडली आणि भिंतीच्या कोपऱ्यातून मातीची धार लागली.

मी "अगं आई गं" म्हणून खांबाला मिठी मारली. सासूबाई उठल्या, धडपडत अंगणात गेल्या आणि साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बघा गं बायांनू! माझ्या लेकाचा बार! असला बार आजपातूर झाला नव्हता!"

उचलली जीभ लावली टाळ्याला. आणि ऐकायला कोण, तर गल्लीच्या तोंडाशी उभे असलेले दोन पोलीस.

पोलिसांना वाटलं होतं बाँब फुटला. भूमिगत पोरांचा साठा कुठंतरी उडाला, अशीच त्यांची समजूत. ते शोधायलाच निघाले होते आणि म्हातारीनं त्यांना घरचा पत्ता दिला. विहिरीवर जाऊन त्यांनी यांना धरलं. जवळ दारूची पेटी, वातीची भेंडोळी. परवाना दाखवला तो फौजदारानं खिशात घातला. हे घसा फोडून सांगत होते की आज एकही सुरुंग लावलेला नाही, हा धरणीकंप हाय. ऐकतो कोण? यांना आणून चावडीच्या आतल्या खोलीत कोंडलं. फौजदार पुण्याकडचा, ताठ मानेचा. म्हणाला, "साठा कुठे आहे ते सांग आणि साथीदारांची नावं सांग. नाहीतर उद्या सकाळी साताऱ्याला."

मी भाकरी घेऊन धावत गेले. चावडी आमच्या गावची सगळ्यांत जुनी इमारत, वर सगळ्यांत जाड माळवद. खिडकीच्या गजांतून पाहिलं तर हे कोपऱ्यात बसलेले, पटक्यावर माती, खांद्यावर माती. वर तुळईच्या तोंडाशी केसभर फट पडली होती आणि तिच्यातून मातीची बारीक धार लागली होती. इतकी वर्षं ज्याच्याखाली झोपला नाही त्याच्याखाली माणसाला कुलूप घालून बसवलं होतं.

"भाकरी ऱ्हाऊ दे," हे म्हणाले. त्यांचा आवाज मी ओळखलाच नाही. "मला हितनं भाईर काढ. बेड्या घालू देत, झाडाला बांधू देत. आनि येनार हाय."

"काय येणार?"

"हादरा. धरणीकंप एकटा येत न्हाई, त्याच्या मागनं पिलं येत्यात. पैल्या हादऱ्यानं घर खिळखिळं हुतं आन् मागनं आलेलं बारकं ते पाडतंय. मी बघितलंय." मग त्यांनी गजाला धरून भराभर सांगितलं. विहिरीवरच्या गड्यांना सांग, कुणी खाली उतरू नका, कडा ढासळंल. घरात झोपू नका. आणि फौजदाराला सांग, हा बार नव्हता ते कशावरून. "धरणीकंपाच्या जाग्यापास्नं दोघं निघत्यात. एक घोड्यावर, एक भरल्या गाडीत. घोडा आधी पोचतो, तो नुसता सांगावा आणतो. ती गुरगुर. गाडी मागनं येती, ती वजन घिऊन येती. त्यो आडवा हिसका. दोघांच्या मदी जेवढा येळ, तेवढं ते ठिकान लांब. आमचा बार हितंच उडतो, तवा घोडा आन् गाडी संगंच दारात येत्यात. तुला गुरगुर आदी आली का न्हाई?"

आली होती की! जोंधळे आधी नाचले होते, सूप मागनं उपडं झालं होतं. मला पटलं. जे मला पटलं ते फौजदाराला का पटणार नाही, अशी माझी भाबडी समजूत. विहिरीवर एका पोराकडून निरोप धाडला, आणि गेले तरातरा फौजदाराकडं. म्हणाले, "सायेब, आधी घोडा आला, मग गाडी आली, म्हणून हे काम माझ्या मालकाचं न्हाई."

फौजदार खुर्चीतून उठला. "घोडा कुणाचा होता? गाडी कोणत्या गावची? गाडीत बाँब होते?"

मी जेवढं समजवावं तेवढा तो घोडेस्वार खरा व्हायला लागला. एका पोलिसाला तर गावात घोडी कुणाकुणाकडं आहेत ते बघायला पाठवलंसुद्धा. इतका संताप आला मला! स्वतःचा, त्याचा, त्या घोड्याचा. भ्याले की मला राग येतो, आणि त्या दिवशी मी जन्मात कधी नव्हते एवढी भ्याले होते.

तोवर सासूबाईंच्या डोक्यात उजेड पडला. पदर खोचून त्या चावडीवर आल्या. "सायेब, माझं चुकलं. त्यो बार माझ्या लेकाचा न्हाई."

"मग कुणाचा?" फौजदार म्हणाला. "नाव सांग."

आगीतून फुफाट्यात! म्हातारीला नाव कुठलं सुचणार? ती तोंड उघडून नुसती उभी राहिली. फौजदाराला वाटलं, नाव माहीत आहे पण दडवतेय.

मला एकच गोष्ट सुचली. बाँब एका गावाला हादरवील, धरणी हलली तर सगळ्या गावांना हादरवील. हादऱ्यानंतर आपापल्या गावांहून निघालेली माणसं आमच्या रस्त्यानं जात होती. मी रस्त्यावर उभी राहून येईल त्याला विचारलं, तुमच्याकडं हादरलं का? कुंडलचा एक जण म्हणाला, "व्हय की! आमच्या गावात बाँब फुटला." कवठे महांकाळकडून मोटारीनं आलेला घोंगडीवाला म्हणाला, "लय मोठा बाँब, आमच्या वेशीतच." कडेगावचे दोघं तर त्यांच्या गावातला बाँब कुणाच्या परड्यात फुटला यावर आपसांत भांडत होते. ज्याला त्याला आपल्याच गावात फुटला असं वाटलेलं! मी त्यांना ओढत चावडीवर नेलं. सांगा म्हटलं सायबाला. त्यांनी सांगितलं.

फौजदाराचा चेहरा फुलला. "म्हणजे एवढ्या सगळ्या गावांत एकाच वेळी? हा तर मोठा कट आहे." साक्षीला आलेल्यांचे चेहरे पांढरे पडले, पुढच्या क्षणाला एकही तिथं नव्हता. मी कपाळावर हात मारून घेतला. त्यानंतर मी फौजदारापुढं बोलायचंच बंद केलं. त्या दिवशी आमच्या घरातलं कुणीही काहीही बोललं तरी त्याचा फास यांच्याच गळ्यात पडत होता.

चावडीच्या पायरीवर जाऊन बसले. राखणीला एक पोलीस होता, मिरजेकडचा, कानडी मुलुखाजवळचा. बोलायला मवाळ. मघाशी तो आत यांना बघायला गेला तेव्हा त्याच्या टोपीवरही माती पडली होती, आणि तेव्हापासून तो दारापासून चार हात लांब उभा होता. मी घरून तांब्या आणला, काठोकाठ पाण्यानं भरला आणि पायरीच्या दगडावर ठेवला.

"ह्ये काय करतीस बाई? करणी?"

"न्हाई दादा. जमीन हलायच्या आधी पानी थरथरतंय. तेवढ्या येळात तुमी कुलूप काढाल का?"

त्यानं वर फटीकडं पाहिलं. "खोटं कशाला बोलू? पानी थरथरलं तर मी आदी पळंन."

मला वाईट वाटलं नाही. निदान एक माणूस तरी सरळ बोलला होता. आम्ही दोघं बराच वेळ त्या तांब्याकडं बघत बसलो. आतून मातीचा बारीक आवाज येत होता, धान्य सांडल्यासारखा. सासूबाई चावडीसमोरच्या मारुतीच्या पारावर जाऊन हात जोडून बसल्या होत्या: धरणीमाय, आता हलू नगंस. आणि माझी स्थिती काय सांगू? हललं नाही, तर सकाळी साताऱ्याला नेणार. हललं, तर वरची माती खाली येणार. काय मागावं तेच मला कळेना. मागितलं तरी कुणाचं मागणं खरं व्हायचं, माझं की सासूबाईंचं? नुसता जीव टांगणीला.

अंधार पडायच्या सुमाराला तो पोलीस उठला, इकडंतिकडं बघितलं आणि दाराशी जाऊन काहीतरी करून आला. माझ्याकडं न बघताच म्हणाला, "कुलूप नुसतं अडकावलंय. तुमचा मानूस पळाला तर माजी नोकरी जाईल, पोरंबाळं हायेत." आतून यांनी ते ऐकलं. "न्हाई पळणार," असं म्हणाले. मी त्या माणसाच्या पाया पडायला गेले तर तो मागं सरला.

रात्र तशीच गेली. सकाळी उजाडलं, गाडी येऊन उभी राहिली. फौजदार अंगणात लिंबाखाली बशीत चहा ओतून घेत होता. चहा झाला की निघायचं. सासूबाई भाकरीचं गाठोडं घेऊन आल्या होत्या, लेकाच्या वाटेसाठी. मी पायरीवर तशीच, तांब्यापाशी. डोळे चुरचुरत होते. कडेला काडी पडलीय असं वाटून मी वाकले, तर काडी नव्हती. पाण्यावर बारीक बारीक वळ्या उठल्या होत्या, काठाकडून मध्याकडं.

"आला!" मी किंचाळले. "आवं, आला!"

पोलीस बोलल्याप्रमाणं आधी पळाला. मी दारावर धडकले, कुलूप हिसकलं, कडी काढली. आता हे बाहेर उडी मारतील म्हणून मी बाजूला सरले, तर हे कोपऱ्यात बसलेले. दोन्ही हात डोक्यावर, गुडघ्यांत मान. सगळं माहीत असलेला माणूस, आणि पाय उचलत नव्हता! गुरगुर वाढत होती. मी आत शिरले, त्यांच्या बंडीला दोन्ही हातांनी धरलं आणि नवऱ्याला कधी देऊ नयेत अशा शिव्या देत ओढलं. "उठा! उठा, मेलात तर मी तुमाला सोडायची न्हाई!" उंबऱ्यावर होतो तेव्हा आडवा हिसका बसला. आम्ही दोघं पायऱ्यांवरून खाली, तांब्यासकट, मातीत. मागं तुळई करकरली, जराशी थांबली, आणि मग सगळं माळवद बसलं. धुरळा एवढा उठला की लिंबाचं झाडसुद्धा दिसेना.

धुरळा खाली बसला तेव्हा फौजदार जमिनीवर होता. ताठ मान कुठल्या कुठं. चहा अंगावर, बशी हातात. सोनारानंच कान टोचावे म्हणतात, ते खरं. त्यानं त्या ढिगाऱ्याकडं पाहिलं, जिथं हे बसले होते त्या कोपऱ्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं, यांच्याकडं, आणि शेवटी सासूबाईंकडं. पाराजवळ त्या दगड झालेल्या, गाठोडं खाली पडलेलं. फौजदाराची जुनी खोड मात्र जाईना. म्हणाला, "म्हातारे, हा बार कुणाचा?"

मी डोळे मिटले. म्हटलं, आता ही काय बोलते कोण जाणे.

सासूबाई चालत आल्या. लेकाच्या डोक्यावरची माती पदरानं झाडली. आणि म्हणाल्या, "ह्यो धरणीमायचा, सायेब. कालचा बी तिचाच. माज्या लेकाला..." इथं त्यांनी लेकाचं डोकं पोटाशी धरलं. "माज्या लेकाला एवढा मोठा बार जमत न्हाई."

आणि मग ती बाई भर चावडीपुढं बसून हंबरडा फोडून रडली. लेकाला एखादी गोष्ट जमत नाही, हे तिच्या तोंडून मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मलाही रडू आवरेना.

फौजदार उठला, कपडे झटकले. "घेऊन जा त्याला," एवढंच बोलला. दारूची पेटी मात्र ठेवून घेतली आणि परवानाही परत दिला नाही. आमची त्या साली मोठी ओढाताण झाली, पण त्याचं दुःख करायला त्या दिवशी कुणाला सवड नव्हती. तो मिरजेकडचा पोलीस गाडीच्या मागं उभा होता. माझी नजर गेली तसा त्यानं मान खाली घातली. पळाला होता ना, म्हणून. मला ओरडून सांगावंसं वाटलं, अरे दादा, तू पळालास ते राहू दे, पण कुलूप तूच उघडं ठेवलंस. फौजदारासमोर ते सांगता आलं नाही.

दिवसभर हे छपराखालीच बसून होते. संध्याकाळी मी आत दिवा लावून आले तर सासूबाई घरातून आपली वाकळ ओढत बाहेर आणत होत्या. त्यांनी ती गवताच्या छपराखाली लेकाच्या शेजारी अंथरली. बराच वेळ कूस बदलत पडल्या. मग म्हणाल्या, "लेका, आनि यील का रं?"

"यील. बारकं बारकं यील अजून."

"यिऊ दे मग. हितं डोक्यावर गवात हाय. त्याच्या वर आभाळ, ते काय पडतंय व्हय?"

मी दिवा मालवला आणि मुकाट्यानं माझंही अंथरूण बाहेर घेऊन आले.